यवतमाळचे पाषाणस्तंभ आणि अंदमानचा ज्वालामुखी

यवतमाळ जिल्ह्यास समुद्रकिनारा नाहीं. तरीहि तेथील काळ्या कपाशीच्या जमिनीचा पूर्वेतिहास शोधूं जातां दृष्टि अखेर समुद्राच्या तळाकडे वळते.

२०२१ सालीं वणी-पांढरकवडा भागांतील शिबला-पारडीजवळ भूशास्त्राचे अभ्यासक प्रा. सुरेश चोपणे यांस दगडी खांबांचे समूह आढळले. हे खांब कोणा शिल्पकारानें घडविलेले नव्हेत. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून वर आलेला लाव्हा दख्खनवर पसरला; निवतांना तो आक्रसला, त्यास तडे गेले आणि बहुधा षट्कोनी असे हे स्तंभ निर्माण झाले. याच जातीच्या पाषाणाची झीज होऊन कपाशीची काळी माती बनली.

परंतु हा निवालेला विस्तव होय. जळता विस्तव पाहावयाचा तर अंदमानांतील बॅरन बेटाकडे गेलें पाहिजे. त्याच्या उद्रेकाची पहिली नोंद १७८७ ची आहे. १७८९ मध्यें आर्चिबाल्ड ब्लेअर यानें तो धगधगतांना पाहिला. एकोणिसाव्या शतकांत हा पर्वत शांत झाला आणि १९९१ सालीं पुन्हां जागा झाला. दख्खनचा लाव्हा भेगांतून चादरीसारखा पसरला, येथें मात्र मुखाभोंवतीं डोंगर रचला गेला. तथापि लाव्हा निवून काळा पाषाण होणें उभयतांस समान आहे. समुद्रावर या डोंगराची उंची सुमारें ३५० मीटर असून पायथा दोन किलोमीटरांहून अधिक खोल आहे. म्हणजे डोळ्यांस दिसतो तो केवळ माथा!

पाण्याखालचा भाग मोकळेपणानें पाहण्याचें साधन १९४३ मध्यें लाभलें. तोंपर्यंत पाणबुड्याचा श्वास बहुधा नावेवरून येणाऱ्या नळीवर अवलंबून असे. फ्रान्समध्यें जाक कूस्तो व एमिल गान्यां यांनीं पाठीवरील नळकांड्यांतील दाबलेली हवा भोंवतालच्या पाण्याच्या दाबानुसार पुरविणारी झडप सिद्ध केली आणि पाणबुड्या माशासारखा स्वैर झाला. हौशी पाणबुड्यांची मर्यादा सुमारें ४० मीटरांची. तरी तेवढ्यांतहि बॅरनची काळी वाळू, लाव्ह्याचे कडे आणि त्यांवर वाढलेलीं प्रवाळें दिसतात.

ही वाढ किती त्वरित होते, याचें प्रमाण इंडोनेशियांतील बांदा बेटांनीं दिलें. जायफळाच्या या मायदेशीं १९८८ सालीं ज्वालामुखीचा लाव्हा समुद्रांत उतरला. अवघ्या पांच वर्षांत त्या नव्या खडकावर पाणबुड्या शास्त्रज्ञांस प्रवाळांच्या १२४ जाति आढळल्या. ज्या अग्नीनें एक जीवसृष्टि भाजून काढली, त्यानेंच दुसरीस पाय रोवण्यास जागा दिली. विदर्भाच्या शेतकऱ्यास ही गोष्ट नवलाची वाटूं नये. त्याची कपाशी अशाच अग्नीच्या राशीवर उभी आहे.

बॅरनच्या पायथ्यास समुद्राचा पहारा आहे. शिबल्याच्या स्तंभांस तसा पहारा नाहीं. खडी करण्यास निघालेल्या हातांस कोट्यवधि वर्षांचें हें पान फाडण्यास थोडे दिवस पुरतील. तें जपणें सर्वस्वीं माणसांच्या विवेकावर अवलंबून आहे.