गॅस गिझर: धूरनळी आणि निचरा

गॅस गिझर हे नळाचे वाहते पाणी गॅसच्या ज्योतीवर तत्काळ तापवणारे घरगुती उपकरण आहे. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथे ते एलपीजी सिलिंडरवर किंवा महानगर गॅस लिमिटेडच्या (स्थापना १९९५) नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूवर चालते.

ज्वलन आणि हवा

मिनिटाला ६ लिटर पाण्याचे तापमान सुमारे २५ अंश सेल्सिअसने वाढवणारा गिझर दहा मिनिटांत साधारण १६० ग्रॅम एलपीजी जाळतो. त्यासाठी किमान २ घनमीटर हवा लागते. जुन्या इमारतींतील ४ फूट × ६ फूट × ८ फूट मापाच्या न्हाणीघरात एकूण हवाच साडेपाच घनमीटरच्या आत असते. खिडकीच्या काचपट्ट्या थंडीत बंद असल्यास प्राणवायू घटतो, ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. या वायूला रंग वा वास नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्टपणे जोडला जातो. डोके जड होणे, मळमळ व चक्कर ही लक्षणे वाफेमुळे आली असे वाटते आणि आतून लावलेली कडी काढण्यापूर्वीच माणूस कोसळतो. त्यामुळे धूरनळी नसलेला गिझर न्हाणीघरात बसवणे अयोग्यच होय. ड्राय बाल्कनीत तो बसवून केवळ गरम पाण्याची नळी आत आणणे श्रेयस्कर.

धूरनळी

नैसर्गिक ओढीवर चालणाऱ्या गिझरची नळी प्रथम सरळ वर नेतात आणि वळणे कमीत कमी ठेवतात. त्याच खोलीत एक्झॉस्ट पंखा असल्यास तो नळीतील धूर उलट आत खेचू शकतो. पंख्याच्या गिझरची नळी भिंतीतून आडवी बाहेर काढतात व तिला बाहेरच्या बाजूस किंचित उतार देतात, म्हणजे पावसाचे पाणी यंत्रात शिरत नाही. नळीचे तोंड मोकळ्या हवेत हवे. इमारतीच्या बंदिस्त डक्टमध्ये सोडलेला धूर वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात जातो, ही बाब हमखास दुर्लक्षिली जाते.

संघनित पाण्याचा निचरा

एक किलो एलपीजी जळताना सुमारे दीड किलो पाण्याची वाफ निर्माण होते. थंड हवामानाच्या देशांतील उच्च कार्यक्षमतेचे बॉयलर ज्वलनवायू सुमारे ५५ अंशांखाली थंड करून या वाफेतील उष्णताही वापरतात. ठाणे परिसरात घर तापवण्याची गरज नसल्याने ते सहसा आढळत नाहीत. त्यांत साचणारे पाणी आम्लधर्मी (पीएच साधारण ३ ते ५) असते. म्हणून निचऱ्यासाठी लोखंडी वा तांब्याची नळी न वापरता प्लास्टिकची वापरतात. काही ठिकाणी पाणी संगमरवराच्या खड्यांतून गाळून मोरीत सोडतात. येथे धूरनळीचा उतार गिझरच्या उलट, यंत्राकडे असतो. निचऱ्याच्या नळीत पाण्याने भरलेला ट्रॅप आवश्यक असतो. यंत्र दीर्घकाळ बंद राहिल्यास तो कोरडा पडून ज्वलनवायू त्या वाटेने घरात येऊ शकतो, म्हणून पुन्हा सुरू करण्यापूर्वी ट्रॅपमध्ये पाणी भरून घेतात.