जनाबाईंचं जातं

आज आपण संत जनाबाईंविषयी बोलू या. आषाढात वारी निघाली की आपल्या भोर-वेल्ह्यातल्याही बाया पंढरीची वाट धरतात. जनाबाईंचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्यांचं आयुष्य कसं गेलं हे फारसं सांगितलं जात नाही.

जनाबाई तेराव्या शतकातल्या, आजच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या. लहानपणीच त्या पंढरपूरला दामाशेटी शिंप्यांच्या घरी कामाला राहिल्या. संत नामदेव या दामाशेटींचे चिरंजीव. दळण, कांडण, झाडलोट, धुणं, पाणी, शेण-गोवऱ्या यांतच जनाबाईंचं आयुष्य गेलं. परंपरेप्रमाणे इ.स. १३५० मध्ये त्यांनी पंढरपुरात देह ठेवला. त्यांच्या नावाचे सुमारे साडेतीनशे अभंग आज उपलब्ध आहेत.

त्या अभंगांत विठ्ठल त्यांच्याबरोबर दळतो, गोवऱ्या वेचतो, पाणी भरतो. आपण हा चमत्कार म्हणून ऐकतो आणि हात जोडतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. जे काम घरातला कोणी पुरुष हातात घेत नव्हता, त्या कामाला जनाबाईंनी देवाला बसवलं. म्हणजे ते काम हलकं नाही, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. बाईच्या जन्माला आलो म्हणून खंत करू नये, असंही त्या सांगतात. आणि प्रत्येक अभंगाच्या शेवटी स्वतःचं नाव घालतात, 'जनी'. घरकाम करणाऱ्या बाईचं नाव त्यामुळे सातशे वर्षं टिकलं.

चौदाव्या शतकात दूर इटलीत सिएना गावी, १३४७ साली, एका रंगाऱ्याच्या घरी कॅथरीन जन्मली. ती ख्रिस्ती संत झाली. तिने सांगितलेली पत्रं इतरांनी लिहून घेतली. तशी पावणेचारशेहून जास्त पत्रं आज मिळतात. पोपने रोमला परत यावं म्हणून तिने थेट त्यांना लिहिलं. १९७० मध्ये चर्चने तिला धर्माची आचार्य मानलं. देश वेगळा, धर्म वेगळा, पण कष्टकऱ्याच्या घरातल्या बाईचे शब्द कुणीतरी जपले म्हणून ते आपल्यापर्यंत आले.

आपल्या आज्या-पणज्यांनी जात्यावर गायलेल्या ओव्यांत जनाबाई जागोजागी भेटते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी गावांतून अशा ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे राज्यभरातून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. बायांची नावं आणि गावंही त्यांनी नोंदवून ठेवली. गावोगाव गिरणी आली, हाताचे कष्ट वाचले, हे चांगलंच झालं. पण जातं थांबलं आणि त्याबरोबर ओवीही थांबली.

गटाच्या बैठकीत 'काय काम करता?' असं विचारलं, तर भाताची लावणी करणारी, जनावरं सांभाळणारी बाई म्हणते, 'काही नाही, घरीच असते.' जनाबाई असं कधीच म्हणाल्या नाहीत. त्यांनी आपलं एकेक काम नाव घेऊन सांगितलं.

म्हणून दोन गोष्टी करू या. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपली दिवसभराची कामं मोजून सांगायची आणि सचिवाने ती वहीत लिहायची. आणि वाडीतल्या सर्वांत म्हाताऱ्या आजीकडे जाऊन तिच्या ओव्या मोबाईलवर टिपून घ्यायच्या. सुरुवातीला तिचं आणि गावाचं नाव तिलाच सांगायला लावा. आज्या आहेत तोवरच हे होणार आहे.