उठता उठता कोसळणारा संगणक

संगणक सुरू केला की ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नेल, प्रथम स्मृतीत येतो. तो यंत्राचे भाग ओळखतो, मुख्य डिस्क शोधतो आणि मग इतर प्रोग्रॅमना कामाला लावतो. या वाटेतच कर्नेल कोसळला तर? एरवी बिघाडाची नोंद डिस्कवर होते. इथे डिस्कच अजून हाती आलेली नसते. मग बिघाड सांगायचा कसा? या प्रश्नाचा इतिहास पाहू या.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. त्याआधी ते मल्टिक्स या अवाढव्य प्रणालीवर काम करीत होते. तिच्यात चुकांतून सावरण्यासाठी पुष्कळ खटाटोप केलेला होता. युनिक्सने सोपा मार्ग धरला. सावरता न येणारी चूक आढळली की ‘पॅनिक’ (घाबरगुंडी!) नावाचा छोटासा भाग कारण छापून यंत्र थांबवी. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत सुरुवातीलाच मुख्य डिस्क वाचता आली नाही, तर ‘पॅनिक: आयइनिट’ एवढेच उमटे. आयइनिट हे कर्नेलमधल्याच एका भागाचे नाव. ज्याने कर्नेल वाचला असेल, त्यालाच अर्थ लागे.

१९९१ मध्ये हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्स लिहायला घेतले. आता यंत्र एका देशात आणि कर्नेल लिहिणारे दुसऱ्या देशात, अशी स्थिती आली. संदेश बोलका होणे भागच होते. मुख्य डिस्क जोडता आली नाही, तर आजचा लिनक्स तसे स्पष्ट सांगतो आणि शेवटी दोन आकडे देतो. ते ‘०,०’ असतील, तर डिस्क ओळखताच आलेली नाही. ड्रायव्हर नसेल किंवा डिस्कचे नाव चुकले असेल. ‘८,१’ असतील, तर डिस्कचा विभाग सापडला आहे, पण त्यावरील मांडणी कर्नेलला वाचता येत नाही. दोन आकड्यांनी शोधाची दिशाच बदलते!

इतर चुकांसाठी लिनक्समध्ये ‘ऊप्स’ हा अहवाल आहे. पूर्वी त्यातील लांबलचक आकडे पडद्यावरून कागदावर उतरवावे लागत आणि त्यांवरून कर्नेलमधील जागा शोधावी लागे. एक आकडा चुकला की शोध भलतीकडेच जाई. २००३ अखेरच्या २.६ आवृत्तीपासून कर्नेल स्वतःच जागांची नावे छापू लागला. २०२४ च्या ६.१२ आवृत्तीत अहवाल क्यूआर चौकटीत दाखवण्याची सोय आली. तो मोबाइलने टिपता येतो.

साधने बदलली, तरी चांगल्या अहवालाची लक्षणे तीच आहेत. संदेश जसाच्या तसा द्यावा. अनेक ऊप्स आले, तर पहिला महत्त्वाचा. नंतरचे बहुधा त्याचेच परिणाम असतात. कर्नेलची आवृत्ती सांगावी आणि शेवटचा बदल कोणता केला तेही. १९ जुलै २०२४ रोजी जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले, अनेक तर सुरू होताना पुन्हापुन्हा. कारण होते क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा प्रोग्रॅमसाठी नुकतीच आलेली एक सदोष फाइल. ती काढताच यंत्रे उठली.

‘प्रयोग जमला नाही’ एवढेच लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण विचारतो, ‘नेमके काय दिसले? त्याआधी काय केले होतेस?’ बंद पडलेल्या संगणकापुढेही हेच दोन प्रश्न उपयोगी पडतात.