रंगरूट घरी येतो तेव्हा

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. लोक त्याला 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. त्यांची आठवण सांगणारे स्मारक गावात आहे. रायगड जिल्ह्यातल्या माणगावला गेलात तर यशवंत घाडगे यांचा पुतळा दिसेल. १० जुलै १९४४ रोजी इटलीच्या डोंगरात लढता लढता ते पडले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. ही स्मारके पाहिली की माणूस आपोआप टोपी काढतो. ती तशी असायलाच हवीत.

पण मला नेहमी एक प्रश्न पडतो. गेलेला परत आला नाही, तर गाव दगड उभा करते. गेलेला परत आला, तर त्याची नोंद कुठे होते? घाडग्यांच्याच मराठा रेजिमेंटमधले नामदेव जाधव यांनीही एप्रिल १९४५ मध्ये इटलीतच व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला आणि ते आपल्या मुलखात परत आले. त्यांच्या शौर्याची हकिकत पुस्तकात सापडते. ते घराच्या उंबऱ्यावर उभे राहिले त्या दिवसाची हकिकत मात्र शोधावी लागते. आज मला बोलायचे आहे ते या उंबऱ्यावरच्या इतिहासाबद्दल. त्यातही, लढाईवरून नव्हे, तर प्रशिक्षण संपवून घरी येणाऱ्या पोरांबद्दल. कारण फौजीच्या घरातली पहिली ताटातूट शत्रूमुळे होत नाही. ती शिकवणीमुळे होते.

मी कवी माणूस, त्यामुळे आधी शब्दांकडे वळतो. आपल्या मराठीतले लष्करी शब्द बघा. फौज, कवायत, हवालदार, सुभेदार, शिपाई. सगळे अरबी-फारसीतून आले आणि मराठीच्या घरात असे रमले की परके वाटतच नाहीत. 'तालीम' हा शब्द अरबीत शिक्षणासाठी आहे. आपण तो लाल मातीच्या आखाड्याला दिला. 'रंगरूट' हा इंग्रजांच्या रिक्रूटचा देशी अवतार. 'रजा' म्हणजे मुळात संमती, राजीखुशी. मराठीत आपण निरोप घेतानाही 'रजा घेतो' म्हणतो आणि फौजी घरी येतो तोही 'रजेवर'च येतो. जाणे आणि येणे, दोन्ही एकाच शब्दात. चौथा शब्द 'मुलाखत'. उर्दूत मुलाकात म्हणजे भेट. जुन्या मराठी कागदपत्रांतही मुलाखत म्हणजे भेटच असे. आज मात्र मुलाखत म्हटले की टेबलापलीकडे बसलेले साहेब आठवतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

शिवकाळात ही ताटातूट कशी होती? सभासदाने १६९७च्या सुमारास जिंजीला बसून जी बखर लिहिली, तीत लष्कराची रीत सांगितली आहे. पावसाळ्याचे चार महिने लष्कर आपल्या मुलखात छावणीला असे. दसऱ्याला कूच होई. आठ महिने बाहेर मुलूखगिरी आणि वैशाखात परत. मोहिमेत कोणी बायका बरोबर न्यायच्या नाहीत, असा सक्त नियम होता. परतताना सीमेवर प्रत्येकाची झडती होई, जाताना काय होते आणि येताना काय आहे याचा हिशेब लागे. म्हणजे वियोग होता, पण त्याला ऋतूची लय होती. पेरणी आणि दसरा यांच्या मधला काळ आपल्या मुलखातला, हे त्या काळच्या बायकांना ठाऊक असे. आणि शिकवणीसाठी कोणी दूर जात नसे. घोड्यावर मांड घालणे, भाला फेकणे, पट्टा फिरवणे हे पोरगा बापाकडे, चुलत्याकडे, गावच्या तालमीत शिके. तो बदलत असे तो घरच्यांच्या डोळ्यांदेखत.

कंपनी सरकारच्या काळात हे चित्र पालटले. १७६८ साली मुंबई इलाख्यात जी शिपायांची पलटण उभी राहिली, तीच आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीची सर्वांत जुनी शाखा. आता शिपायाला एकसारखा गणवेश आला, एकसारखी पावले आली, हुकमाची परकी भाषा आली. पहिल्या महायुद्धापर्यंत साधारणपणे प्रत्येक पलटण आपल्या डेपोत आपापले रंगरूट शिकवून घेई. त्या युद्धाने ही पद्धत उघडी पाडली. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पलटणीच्या पलटणी झिजल्या. कुतच्या वेढ्यात अडकलेल्यांमध्ये मराठा पलटणीही होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. गेलेल्यांच्या जागी शिकवून तयार झालेली माणसे वेळेवर मिळेनात. तेव्हा १९२२च्या फेररचनेत रेजिमेंटमागे एक पलटण फक्त शिकवण्यासाठी राखून ठेवायचे ठरले. मराठ्यांसाठी ही जागा ठरली बेळगाव. ऑक्टोबर १९१८ मध्ये तैग्रिसच्या काठी शर्कत येथे लढलेली ११४वी मराठा पलटणच पुढे रंगरुटांची पलटण झाली. बेळगावच्या त्या केंद्रात शर्कतच्या नावाचे युद्धस्मारक आजही उभे आहे.

तेव्हापासून सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीच्या कितीतरी घरांत 'बेळगाव' हे केवळ गावाचे नाव राहिले नाही. 'पोरगं बेळगावला गेलंय' एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला सगळे कळे. या पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या, हे आज पुष्कळांना माहीत नसते. मराठा शिपाई आणि मुसलमान शिपाई एकाच मैदानावर घाम गाळत. शिकवणी संपली की कसम परेड. आपापल्या धर्मग्रंथाला स्मरून, निशाणासमोर शपथ. 'कसम' हा शब्दही अरबीच, पण तो घेताना कोणाची जीभ अडखळली नाही.

मात्र त्या मैदानावर एक जागा रिकामी असे. दऱ्याखोऱ्यांतल्या वाडीवरची आई एवढ्या लांब पोचणार कशी? ज्या दिवशी तिचा मुलगा तिच्याइतकाच देशाचा झाला, त्या दिवशी ती शेतात भांगलत असे. तिला कळे ते पत्रातून, आणि पत्र वाचून दाखवायला मास्तर किंवा पोस्टमन लागे. मुलाचे पत्रही कित्येकदा दुसऱ्याच कोणीतरी लिहिलेले. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, वाचणारा तिसरा, आणि ऐकणारी ती. युद्धकाळात त्यात सेन्सॉरची भर पडे. एवढ्या माणसांच्या मधून काळजातली गोष्ट कशी जाणार? म्हणून त्या पत्रांत पाऊसपाणी, बैल आणि मनीऑर्डर यांचीच चौकशी जास्त. दुसऱ्या महायुद्धात सुमारे दोन लाखांची हिंदी फौज २५ लाखांच्या पुढे गेली. एवढ्या घरांत ही ऐकणारी आई होती, असे समजायला हरकत नाही.

माझ्या फुफीचा थोरला मुलगा १९८४ साली असाच भरती झाला. वर्षभराने तो पहिल्या रजेवर आला, तेव्हा मी शाळकरी पोर होतो. काळी ट्रंक खांद्यावर घेऊन तो एस.टी.तून उतरला. केस बारीक कापलेले, मान ताठ, चेहरा रापलेला. फुफीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हात तिथेच थांबला. तिने त्याच्या आवडीचे सगळे रांधले होते. तो खाली मान घालून पाच मिनिटांत जेवला, उठला, आपले ताट आपण घासून पालथे घातले. पहाटे चारला अंथरुणाची चौकोनी घडी करून तो मोरीपाशी दाढी करत बसला. पूर्वी नऊ वाजेपर्यंत लोळणारा, पाण्याचा तांब्यासुद्धा हातात मागणारा हा पोरगा! शेजारीपाजारी कौतुक करत होते. फुफी माझ्या आईजवळ येऊन हळूच म्हणाली, "ये मेरा बच्चा नै रहा भाबी, घर में मेहमान आया है."

आम्ही हसलो. आज वाटते, फुफीने प्रशिक्षणाचा सगळा अर्थ एका वाक्यात सांगितला होता. फौज माणूस मोडून नव्याने घडवते. तिला ते करावेच लागते, कारण त्याच शिस्तीवर उद्या त्याचा आणि शेजारच्या जवानाचा जीव टिकणार असतो. पण ज्यांनी त्याला पहिल्यांदा घडवले, त्या घरच्यांना या नव्या माणसाची ओळख कोणी करून द्यायची? त्यांच्यासाठी कुठली छावणी? तो गेल्यावर घरही बदललेले असते. धाकट्याने त्याची कामे उचललेली असतात, बहिणीचे लग्न ठरलेले असते, म्हाताऱ्याची नजर अधू झालेली असते. येणारा नवा आणि घरही नवे. दोघेही जुन्याला शोधत राहतात. रजा संपायच्या सुमारास कुठे एकमेकांची सवय होते आणि ट्रंक पुन्हा खांद्यावर चढते. पुढे पत्ता येतो 'द्वारा ५६ एपीओ'. म्हणजे मुलगा नेमका कुठे आहे, हे आता पाकिटावरूनही कळणार नाही.

स्वातंत्र्यानंतर या रिकाम्या जागेकडे थोडे लक्ष गेले, असे मला दिसते. १९४९ साली पंडित नेहरूंनी खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला बसवली आणि जानेवारी १९५५ मध्ये तिचे रीतसर उद्घाटन झाले. १९६१ साली देशातली पहिली सैनिकी शाळा साताऱ्यात निघाली. आता घरापासून दूर जाणारे पोर सहावीतले होते! पण या संस्थांनी एक प्रथाही रुजवली. शिक्षण संपताना जे संचलन होते, त्याला आईबाप प्रेक्षकांत बसू लागले. 'अंतिम पग' ओलांडून छात्र पुढे जातो, तेव्हा ते पाऊल पाहणारे डोळे घरचे असतात. डेहराडूनला किंवा चेन्नईला अधिकारीपद मिळते, तेव्हा खांद्यावरचे तारे लावायला आईबापांचे हात पुढे येतात. आणि हे फक्त साहेबांच्या घरापुरते राहिलेले नाही. जवानांच्या कसम परेडच्या वेळी त्यांच्या आईवडिलांना 'गौरव पदक' देऊन सन्मानित करण्याची रीतही फौजेत आली आहे. नऊवारीतल्या बाईच्या पदरावर ते पदक लावलेले पाहिले की मला त्या भांगलणाऱ्या आया आठवतात. त्यांच्या वाट्याचे ते पदक दोन पिढ्या उशिरा आले.

आणि मग ही गोष्ट एकदा उलटी झाली. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक कुपवाड्याच्या जंगलात दहशतवाद्यांशी लढताना धारातीर्थी पडले. ते साताऱ्याच्या सैनिकी शाळेचेच विद्यार्थी. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी फौजेत जायचे ठरवले. वयाची अट शिथिल झाली, पण निवडीची परीक्षा आणि मुलाखत सगळ्यांसारखीच. चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत ऐन तारुण्यातल्या मुलामुलींबरोबर त्या धावल्या, रांगल्या आणि ९ सप्टेंबर २०१७ रोजी लेफ्टनंट झाल्या. या वेळी शिकायला गेली होती ती आई, आणि वाट पाहत होती ती दोन लहान मुले. ज्या गणवेशाने बाप नेला, त्याच गणवेशात आई परत येणार होती. त्या दिवसाच्या भेटीत आनंद किती आणि धास्ती किती, याचे मोजमाप करायला माझ्याकडे शब्द नाहीत. मात्र वाट पाहणे हे बायकांचेच काम, ही शेकडो वर्षांची समजूत त्या दिवशी मोडली, एवढे मला कळते. पुढे ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याहून १७ मुलींची पहिली तुकडी तीन वर्षांचे शिक्षण पुरे करून बाहेर पडली. आता मुलीच्या ट्रंकेला कुलूप लावून देणारे बापही या इतिहासात आले.

हे सगळे चांगलेच झाले. तरी पदके आणि संचलने संपल्यावर जो दरवाजा लागतो, तो घराचा असतो. २०२२ साली जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत सेवा चार वर्षांची ठरली आणि चारांतल्या फार तर एकाला पुढे ठेवायचे ठरले. म्हणजे बाकीचे तिघे विशीतच घरी यायचे, आणि तेही रजेवर नव्हे. आजवर गावाला महिना-दोन महिन्यांच्या पाहुण्याची सवय होती. हा पाहुणा कायमचा राहायला येईल. त्याच्या चौकोनी घडीचे, पहाटे चारच्या जाग्रणाचे, ताठ मानेचे काय करायचे हे त्याचे घर शिकले आहे का? त्याला काम देणारे शिकले आहेत का?

म्हणून मला 'मुलाखत' या शब्दाचा जुना अर्थ परत हवासा वाटतो. एक मुलाखत पोराला घरातून घेऊन जाते. तो परत येतो, तेव्हा घरानेही त्याची मुलाखत घ्यावी. प्रश्न विचारायला नव्हे, भेटायला. तू आमचाच आहेस, असे म्हणत जुने रूप त्याच्यावर लादण्याआधी, तू आता कोण आहेस हे समजून घ्यायला. माझी फुफी हेच करत राहिली. दर रजेला ती त्याला नव्याने ओळखत गेली. पुढे पुढे तर ताट घासायला तीच त्याच्या हाती देई आणि शेजारणींना अभिमानाने सांगे, "हमारे फौजी का यही कायदा है!"