गोहनाचा पूर : वेळेवर पोंचलेली वार्ता

पूर हा दबा धरून बसलेल्या शत्रूसारखा अचानक येतो, अशी सामान्य समजूत आहे. ती सर्वस्वीं खरी नाहीं. नदीचें पाणी खालच्या गांवांत शिरण्यापूर्वीं वरच्या खोऱ्यांत चढलेलें असतें. मधल्या कांहीं तासांत ती वार्ता खालीं पोंचते कीं नाहीं, एवढाच प्रश्न उरतो. पाणी उताराच्या वेगानें धांवतें. तारेचा संदेश त्याहूनहि वेगानें जातो. या साध्या गोष्टीचा उपयोग करून हजारों माणसांचे प्राण वांचविल्याचा एक प्रसंग हिंदुस्थानच्या इतिहासांत आहे. तो १८९४ सालचा, गढवालमधील गोहना येथला.

बदरीनारायणाच्या यात्रेस गेलेल्या महाराष्ट्रीय यात्रेकरूंना अलकनंदेचें खोरें अपरिचित नाहीं. चमोलीच्या वरच्या अंगास या नदीला बिरही नांवाची उपनदी येऊन मिळते. १८९३ च्या सप्टेंबरांत गोहना खेड्याजवळ डोंगराचा प्रचंड कडा तुटला आणि बिरहीच्या अरुंद दरींत कोसळला. दगडमातीचा सुमारें ९०० फूट उंचीचा बांध निसर्गानेंच घातला. त्यामागें नदी तुंबली आणि दिवसेंदिवस वाढणारें एक सरोवर निर्माण झालें. पाणी आज ना उद्यां बांधाच्या माथ्यावरून वाहणार आणि बांध फोडून खालीं लोटणार, हें उघड होतें. खालीं अलकनंदेच्या कांठीं गांवें, धर्मशाळा, यात्रेचा मार्ग, गढवालच्या राजांची जुनी राजधानी श्रीनगर, आणि त्याहूनहि खालीं हरद्वार व तेथील गंगेच्या कालव्याचें मुख होतें.

एवढा डोंगर हलविणें मनुष्याच्या हातीं नव्हतें. तेव्हां पाण्याला अडविण्याचा विचार सोडून माणसांना बाजूस करण्याचा विचार करावा लागला. लेफ्टनंट कर्नल पुलफोर्ड या इंजिनियरानें सरोवराचा विस्तार आणि त्यांत येणारें पाणी यांचा हिशेब मांडून असें सांगितलें कीं, सरोवर १८९४ च्या ऑगस्टच्या मध्यास भरून वाहूं लागेल. हें भाकीत जवळजवळ वर्षभर आधीं केलेलें होतें. भूगर्भशास्त्रज्ञ हॉलंड यांनींहि तेथें जाऊन दरडीची पाहणी केली. लेफ्टनंट क्रुकशँक यांस बांधावर ठेवण्यांत आलें. गोहनापासून हरद्वारपर्यंत तारायंत्राची खास लाईन टाकण्यांत आली. सरोवराची पातळी किती चढली, ही वार्ता त्या तारेवरून खालीं जाऊं लागली.

तथापि, पातळी किती फूट चढली, या आंकड्यानें खेडुताला काय बोध होणार ? म्हणून खोऱ्याच्या दोन्ही अंगांस, पूर जेथवर चढेल असा अंदाज होता त्याच्याहि वर, खुणेचे खांब उभारण्यांत आले. तार आली कीं खांबाच्या वर जावयाचें, एवढेंच लोकांनीं ध्यानांत ठेवावयाचें होतें. झुलते पूल सोडवून ठेवण्यांत आले. यात्रेकरूंची वाट बदलण्यांत आली. श्रीनगरच्या रहिवाशांना उंचावरील जागीं हलविण्यांत आलें.

२५ ऑगस्टला पहांटे पाणी बांधाच्या माथ्यावरून झिरपूं लागलें. भाकिताहून दहा दिवसांचा फरक पडला, इतकेंच. तारा सुटल्या. मध्यरात्रीच्या सुमारास बांधाचा वरचा भाग मोठ्या गर्जनेसह कोसळला आणि कांहीं तासांतच सरोवराची पातळी सुमारें ३९० फूट उतरली. जुनें श्रीनगर धुऊन गेलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पूर हरद्वारला पोंचला. इतक्या मोठ्या उत्पातांत केवळ पांच माणसें दगावलीं. तीं एक फकीर व त्याचें कुटुंब. त्यांना तेथून हलविण्यांत आलें होतें. परंतु तीं पुन्हां बांधाखालीं परत गेलीं होतीं. श्रीनगर पुढें अधिक उंच जागीं नव्यानें वसविण्यांत आलें.

कथा येथें संपत नाहीं. बांधाचा खालचा भाग टिकला, आणि उरलेलें सरोवर पाऊणशें वर्षें तसेंच राहिलें. २० जुलै १९७० रोजीं अलकनंदेच्या मोठ्या पुरांत तेंहि फुटलें. त्या पुरांत बेलाकुची गांव वाहून गेलें आणि गंगेच्या कालव्यांत गाळ भरला. पुढें ७ फेब्रुवारी २०२१ रोजीं त्याच जिल्ह्यांत ऋषिगंगा व धौलीगंगा यांना एकाएकीं लोंढा आला. तपोवन येथील बोगद्यांत काम करणाऱ्या मजुरांना त्याची सूचना वेळेवर मिळाली नाहीं. त्या दिवशीं दोनशेंहून अधिक माणसें मृत अथवा बेपत्ता झालीं. धोक्याचे भोंगे तेथें त्यानंतर बसले.

दोन्ही प्रसंग सर्वस्वीं सारखे नव्हेत. गोहनाच्या सरोवरानें अकरा महिन्यांची मुदत दिली. २०२१ च्या लोंढ्यानें मिनिटांचीच दिली. परंतु मुदत जितकी थोडी, तितकी पातळी पाहणारा डोळा आणि ती सांगणारी वाणी अगोदरपासून सिद्ध असावी लागते. १९५८ सालीं दिल्लीजवळ यमुनेवर पुराच्या पूर्वसूचनेचें शास्त्रीय कार्य सुरू झालें. आज केंद्रीय जल आयोगाच्या अनेक ठाण्यांवर स्वयंचलित यंत्रें नदीची पातळी मोजून ती तत्काळ दूरवर कळवितात. क्रुकशँक यांच्या तारेहून हें साधन कितीतरी श्रेष्ठ आहे. मात्र त्या आंकड्याचा अर्थ नदीकांठच्या घरांत समजला पाहिजे. अमुक फूट पाणी चढलें म्हणजे आपल्या कोणत्या पायरीला लागेल आणि मुलेंमाणसें, गुरेंढोरें घेऊन कोणत्या वाटेनें निघावयाचें, हें पाऊस लागण्यापूर्वींच ठरलेलें असावें. गोहनाच्या खोऱ्यांतील लोकांना तें ठाऊक होतें. कारण त्यांच्या डोळ्यांपुढें डोंगरावर खांब उभे होते.