घरी बांधलेल्या स्पोर्ट्‌स कारसाठी इंजिनाची निवड

घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी दोन आसनी स्पोर्ट्‌स कार बांधण्याची परंपरा ब्रिटनमध्ये साठ वर्षांहून अधिक काळ चालत आली आहे. पोलादी चौकोनी नळ्या जोडून केलेली चौकट, तिच्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, उघडी चाके आणि आतमध्ये जुन्या मोटारीतून काढलेले सुटे भाग असे या गाडीचे सर्वसाधारण रूप असते. तिचे वजन बहुधा पाचशे ते सहाशे किलोंच्या दरम्यान भरते. अशी मोटार बांधू पाहणाऱ्याला जे अनेक निर्णय घ्यावे लागतात, त्यांत इंजिनाची निवड सर्वांत महत्त्वाची. चौकटीची रुंदी, बॉनेटची उंची, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल, रेडिएटरचा आकार, इतकेच काय, पण गाडीला रस्त्यावर धावण्याची परवानगी मिळणार की नाही, हेही या एका निर्णयावर अवलंबून असते. निवड चुकली, तर काही वर्षांचे श्रम आणि पैसा ओतूनही गॅरेजमध्ये अर्धवट सांगाडाच उरतो.

परंपरेचा उगम

या प्रकारच्या मोटारींचा मूळ आदर्श म्हणजे लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये आणलेली ‘लोटस सेव्हन’. तिच्या पहिल्या आवृत्तीत फोर्डचे १,१७२ सीसीचे, जेमतेम ४० अश्वशक्तीचे साधे इंजिन होते. वजन अत्यल्प असल्यामुळे तेवढ्या शक्तीवरही ती चपळ धावत असे. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर खरेदी कर द्यावा लागे. सुटे भाग विकत घेऊन गाडी स्वतः जोडल्यास मात्र त्यातून सूट मिळे. घरी मोटार जोडण्याच्या छंदाला या करसवलतीने मोठे बळ दिले. १९७३ मध्ये खरेदी कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी ‘सेव्हन’चे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले.

या छंदाला दुसरी गती मिळाली ती १९९६ मध्ये. रॉन चॅम्पियन यांचे, अवघ्या २५० पौंडांत स्पोर्ट्‌स कार बांधण्याची कृती सांगणारे पुस्तक हेन्स प्रकाशनाने बाजारात आणले. जुनी फोर्ड एस्कॉर्ट विकत घ्यायची, तिचे इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल काढून घ्यायचा आणि घरी वेल्डिंग केलेल्या चौकटीत बसवायचा, ही त्यामागील कल्पना होती. या गाड्या पुढे ‘लोकॉस्ट’ या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या.

वजनाचे गणित

नवख्या बांधणाऱ्याचे लक्ष प्रथम अश्वशक्तीच्या आकड्याकडे जाते. हलक्या मोटारीत मात्र शक्ती आणि वजन यांचे गुणोत्तर पाहावे लागते. पाचशे किलोंची गाडी आणि ८० किलोंचा चालक धरल्यास एकूण वजन ५८० किलो होते. त्यात १०० अश्वशक्तीचे इंजिन असेल, तर दर टनामागे सुमारे १७२ अश्वशक्ती मिळते. अकराशे किलोंच्या कौटुंबिक मोटारीला हेच गुणोत्तर गाठण्यासाठी २०० हून अधिक अश्वशक्ती लागेल.

याच हिशेबाची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. शंभरऐवजी ११० अश्वशक्तीचे, पण ५० किलोंनी जड इंजिन बसवले, तर गुणोत्तर दर टनामागे सुमारे १७५ होते. म्हणजे फायदा नाममात्र. उलट ते ५० किलो पुढच्या चाकांवर येतात. वळणावर गाडीचे नाक बाहेर ओढले जाते, स्टिअरिंग जड होते, स्प्रिंगा अधिक ताठ घ्याव्या लागतात आणि ब्रेकवरचा ताण वाढतो. ज्या चपळतेसाठी हा खटाटोप केला, तीच हातची जाते.

फोर्डची जुनी पिढी

एस्कॉर्टमध्ये येणारे फोर्डचे ‘केंट क्रॉसफ्लो’ इंजिन १९६७ मध्ये आले. त्याचा ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे. १,६०० सीसीच्या जीटी प्रकारातून सुमारे ८५ अश्वशक्ती मिळते. रचना साधी, दुरुस्ती घरी करता येण्याजोगी आणि उंची बेताची, यामुळे ते ‘सेव्हन’च्या ठेंगण्या बॉनेटखाली सहज बसते. अडचण आहे ती उपलब्धतेची. जुन्या एस्कॉर्ट संग्राहकांच्या हाती गेल्यापासून ही इंजिने स्वस्त राहिलेली नाहीत.

त्यानंतरचे दोन लिटरचे ‘पिंटो’ इंजिन मजबूत आहे, परंतु ते उंच आणि वजनदार आहे. अनेकांना त्याचा सम्प, म्हणजे खालचे तेलपात्र, कापून उथळ करावा लागतो आणि तरीही बॉनेटला फुगवटा द्यावा लागतो. सम्प कापताना तेलाची मात्रा कमी होणार नाही, याची काळजी घेणे आवश्यक असते.

फोर्डचेच दोन लिटरचे ‘झीटेक’ इंजिन त्याहून आधुनिक आहे. फोकस मोटारीत ते सुमारे १३० अश्वशक्ती देत असे. मात्र ते पुढची चाके फिरवणाऱ्या गाड्यांसाठी, आडवे बसवण्याच्या हिशेबाने तयार झालेले. ‘सेव्हन’ धाटणीच्या गाडीत ते लांबीच्या दिशेने बसवले की पाण्याची नळी नेमकी मागच्या पत्र्यावर येते. ही जोडणी बदलणे, वेगळा सम्प घेणे आणि मागच्या चाकांसाठीचा गिअरबॉक्स जुळवणे या तिन्ही गोष्टींचा खर्च आधीच धरावा लागतो.

ॲल्युमिनियमचा मोह

वजन कमी करण्याचा सरळ उपाय म्हणजे ॲल्युमिनियमचा ब्लॉक. रोव्हर कंपनीचे ‘के-सीरीज’ इंजिन या बाबतीत अग्रेसर ठरले. त्याचे वजन शंभर किलोंच्या आत आहे. केटरहॅमने ते १९९० च्या दशकात वापरले. १९९६ च्या लोटस एलिसमध्येही तेच होते. त्याचे थर अत्यंत लांब बोल्टांनी, हेडपासून थेट क्रँकशाफ्टखालच्या सांगाड्यापर्यंत, एकत्र आवळलेले असतात.

मात्र हेड गॅस्केट निकामी होण्याच्या तक्रारींमुळे हे इंजिन बदनाम झाले. त्यात पाण्याची मात्रा कमी असते. इंजिन तापल्यावर थर्मोस्टॅट उघडला की रेडिएटरमधील थंड पाणी एकदम आत येते आणि धातूला तापमानाचा धक्का बसतो. सुधारित गॅस्केट, पोलादी मार्गदर्शक खुंट्या आणि थर्मोस्टॅटची बदललेली जागा हे त्यावरचे रूढ उपाय आहेत. एमजी रोव्हर कंपनी २००५ मध्ये बुडाली. त्यामुळे वापरलेले इंजिन घेताना त्याची आधीची देखभाल तपासणे अधिकच अगत्याचे ठरते. केटरहॅमने पुढे फोर्डच्या ‘सिग्मा’ आणि ‘ड्युरेटेक’ या ॲल्युमिनियमच्या इंजिनांकडे मोर्चा वळवला.

लहान इंजिनाची बाजू मांडणारे उदाहरणही केटरहॅमनेच घालून दिले. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या ‘सेव्हन १६०’मध्ये सुझुकीचे तीन सिलिंडरचे, टर्बोचार्जर असलेले ६६० सीसीचे इंजिन होते. शक्ती ८० अश्वशक्ती आणि गाडीचे वजन ४९० किलो. २०२१ च्या ‘सेव्हन १७०’मध्ये शक्ती ८४ पर्यंत गेली आणि वजन ४४० किलोंपर्यंत खाली आले.

संपूर्ण संच देणारी मोटार

माझदा कंपनीची ‘एमएक्स-५’ ही १९८९ मध्ये आलेली छोटी स्पोर्ट्‌स कार घरगुती बांधणाऱ्यांच्या पसंतीला उतरली, त्यामागे वेगळे कारण आहे. तिचे १,६०० सीसीचे इंजिन बिडाच्या ब्लॉकचे, म्हणजे सर्वांत हलके नव्हे. परंतु ते मुळातच लांबीच्या दिशेने बसवलेले असून मागची चाके फिरवते. एकाच जुन्या गाडीतून इंजिन, पाच गतींचा गिअरबॉक्स, डिफरन्शियल, ब्रेक आणि विजेच्या तारांचा संच असे सारे मिळते. एकमेकांसाठीच बनलेले भाग जुळवण्यासाठी वेगळी कारागिरी लागत नाही. इंजिन थोडे जड असले, तरी प्रथमच गाडी बांधणाऱ्याचे काम पूर्ण होण्याची शक्यता या मार्गाने अधिक असते.

मोटारसायकलचे इंजिन

यामाहाची ‘आर-१’ १९९८ मध्ये आणि सुझुकीची ‘हायाबुसा’ १९९९ मध्ये आली आणि दुचाकीचे इंजिन चारचाकीत बसवण्याच्या प्रयोगांना उधाण आले. ‘आर-१’च्या एक लिटर क्षमतेतून सुमारे १५० अश्वशक्ती मिळते. गिअरबॉक्स इंजिनाच्याच पोटात असल्याने वजनात मोठी बचत होते. गिअर एकापाठोपाठ एक, झटक्यात पडतात.

या मार्गातील अडचणीही तेवढ्याच ठोस आहेत. पहिली टॉर्कची, म्हणजे चाक फिरवण्याच्या जोराची. ‘आर-१’चा कमाल टॉर्क सुमारे १०८ न्यूटन मीटर असून तो मिनिटाला ८,५०० फेऱ्यांच्या आसपास मिळतो. झीटेकचा सुमारे १७५ असून तो साधारण निम्म्या फेऱ्यांवर मिळतो. त्यामुळे गर्दीच्या रस्त्यावर दुचाकीचे इंजिन सतत चढ्या फेऱ्यांवर ठेवावे लागते आणि दोनशे किलोंच्या वाहनासाठी बनवलेला क्लच लवकर झिजतो.

दुसरी अडचण तेलाची. दुचाकी वळणावर कलते, म्हणून तेल सम्पच्या तळाशीच राहते. चारचाकी कलत नाही. तेल एका बाजूला लोटले जाते, पंप हवा ओढू लागतो आणि काही क्षणांत बेअरिंगे जळतात. सम्पमध्ये आडपडदे बसवणे किंवा तेलाची टाकी वेगळी ठेवणे हा त्यावरचा उपाय आहे. तो टाळून पैसे वाचवणाऱ्याला पुढे संपूर्ण इंजिनाची किंमत मोजावी लागते. तिसरी अडचण म्हणजे रिव्हर्स गिअरचा अभाव. त्यासाठी वेगळी पेटी किंवा विजेची मोटर बसवली, की वाचवलेल्या वजनापैकी काही परत येते.

गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल

इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा विचार एकत्रच व्हायला हवा. फोर्ड सिएरा मोटारीतील ‘टाइप ९’ हा पाच गतींचा गिअरबॉक्स अनेक जण वापरतात. त्याच्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.६५ आहे. जड सिएराला जागचे हलवण्यासाठी ते योग्य असले, तरी हलक्या गाडीत पहिला गिअर क्षणात संपतो.

मागच्या ॲक्सलचा हिशेब कागदावर करता येतो. चाकाचा परीघ १.८ मीटर धरल्यास ताशी १०० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला सुमारे ९२६ फेऱ्या घेते. ॲक्सलचे गुणोत्तर ३.९ असेल, तर चौथ्या, म्हणजे थेट गिअरमध्ये इंजिनाला सुमारे ३,६०० फेऱ्या घ्याव्या लागतील. पाचव्या गिअरचे गुणोत्तर ०.८२ असल्यास त्या सुमारे २,९६० वर येतील. ज्या इंजिनाचा जोर या फेऱ्यांना मिळतो, ते प्रवासासाठी सुखाचे ठरते.

कायद्याची चौकट

ब्रिटनमध्ये हौशी व्यक्तीने बांधलेल्या मोटारीची एकेक करून तपासणी होते. २००९ पासून ही पद्धत ‘आयव्हीए’ या नावाने ओळखली जाते. धुराचे निकष ठरवताना इंजिनाचे वय पाहिले जाते. जुन्या इंजिनाला सौम्य मर्यादा लागू होतात, तर १९९५ नंतरच्या इंजिनाला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या दर्जाची स्वच्छता दाखवावी लागते. म्हणूनच इंजिनाच्या वर्षाचा कागदोपत्री पुरावा खरेदीच्या वेळीच घेतला जातो.

भारतातील परिस्थिती भिन्न आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीकृत वाहनात उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीवर शिक्कामोर्तब केले. नव्या वाहनाच्या नमुन्याला केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ नुसार पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या मान्यताप्राप्त संस्थेची तपासणी पार करावी लागते. मोठ्या उत्पादकांसाठी आखलेली ही प्रक्रिया एकट्या हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरची आहे. त्यामुळे जुन्या मोटारीचे इंजिन काढून नवी गाडी बांधण्याचा बेत आखणाऱ्याने ती सार्वजनिक रस्त्यावर आणता येईल, हे गृहीत धरू नये.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना मात्र बंदिस्त मार्गावरील स्पर्धांचा पर्याय उपलब्ध आहे. ‘फॉर्म्युला भारत’सारख्या स्पर्धेत इंजिनाची क्षमता ७१० सीसीपर्यंत मर्यादित असते आणि पेट्रोल इंजिनात येणारी सारी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या तोंडातूनच घ्यावी लागते. त्या तोंडातून ठरावीक मर्यादेपलीकडे हवा जाऊच शकत नसल्याने मोठ्या इंजिनाचा लाभ आपोआप आटतो. अनेक संघ पुण्याजवळ चाकण येथे बनणाऱ्या केटीएम दुचाकीचे ३७३ सीसीचे, एका सिलिंडरचे इंजिन निवडतात ते त्याचा हलकेपणा आणि सुट्या भागांची सहज उपलब्धता पाहून.

निर्णयाचा क्रम

गाडी रोजच्या रस्त्यासाठी की केवळ स्पर्धेच्या मार्गासाठी, हे सर्वप्रथम ठरवावे. त्यानंतर लागू होणारे नियम पाहावेत, मग एकूण वजनाची मर्यादा आखावी आणि तिच्यात बसणारे इंजिन गिअरबॉक्ससह निवडावे. इंजिनाची किंमत ठरवताना सम्प, क्लच, इंधन नियंत्रणाची यंत्रणा आणि एक्झॉस्ट यांचा खर्च त्यात मिळवावा. निवडलेले इंजिन प्रत्यक्ष हाती आल्यावर त्याची लांबी, रुंदी व उंची मोजूनच चौकटीच्या पहिल्या नळीला करवत लावावी. आधी चौकट आणि मग इंजिन असा उलटा क्रम धरल्यास वेल्डिंग केलेले सांधे पुन्हा कापण्याची पाळी येते.