जुना वाडा, नवा ओटा

जुन्या वाड्याची दुरुस्ती निघाली, की दिंडी दरवाजा, चौकातील खांब आणि तुळयांवरील कोरीवकाम यांची काळजी सर्वांनाच वाटते. स्वयंपाकघराबाबत मात्र वाद होत नाही. काजळलेला गिलावा खरवडावा, चूल काढावी आणि तेथे मॉड्युलर किचन बसवावे, यावर घरात लवकर एकमत होते. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांचा इतिहास समोर ठेवून पाहिले, तर बदलाची ही इच्छा आम्हांस रास्तच वाटते. पण त्या बदलात नेमके काय पुसले जाते, हेही विचारले पाहिजे.

वाड्यातील स्वयंपाकघर सामान्यतः माजघरामागे, परसाच्या अंगाला असे. सारवलेली जमीन, वैलाची चूल, भिंतीत कोनाडे आणि फडताळ, तुळईला टांगलेले शिंके, कोपऱ्यात उतरंड, जवळपास जाते आणि पाटा-वरवंटा. धूर जायला एखादा झरोका. काम सगळे बसून करायचे आणि धूर डोळ्यांत घ्यायचा. ब्राह्मण घरांत त्यात सोवळ्याची भर पडे. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त वडिलांच्या सोवळ्यापायी घराला झालेला जाच सांगितला आहे. तो वाचल्यावर जुन्या स्वयंपाकघराविषयी हळवे होणे कठीण जाते.

शिवाय मोठ्या घराची ही चूल केवळ घरातल्या माणसांच्या बळावर पेटत नसे. पाणी, सरपण, दळण, झाडलोट यांमागे गावातले अनेक हात असत. शिरूर तालुक्यातील करडे गावाने १८७४ साली सावकारांवर बहिष्कार घातला, तेव्हा हे उघड झाले. पाणी भरणारे आणि घरकाम करणारे थांबले, न्हाव्याने हजामत नाकारली. सावकारांना गावात राहणे अशक्य होऊन त्यांनी शिरूरची वाट धरली. पुढच्याच वर्षी, मे १८७५ मध्ये, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगा उसळला. आजच्या दौंडचा परिसरही त्या काळी भीमथडीतच होता. दख्खनच्या दंग्यांच्या इतिहासात कर्जखते आणि हुकूमनामे यांची चर्चा पुष्कळ होते. करड्याच्या बहिष्काराने मात्र सावकाराच्या घरातील रिकामा रांजणही इतिहासात आणला.

याच सुमारास स्वयंपाकघराचे साहित्य बदलण्याची वाटही तयार होत होती. पुणे-सोलापूर लोहमार्ग १८६० पर्यंत पूर्ण झाला, १८७१ मध्ये रायचूर येथे मुंबई आणि मद्रासकडचे मार्ग जोडले गेले आणि १८७८ च्या मनमाड फाट्याने दौंड जंक्शन झाले. मराठी घरात ओट्याला आणि जमिनीला शहाबादी फरशी, मांडणीला कडप्पा, हे शब्द आज इतके घरचे आहेत, की ती गावांची नावे असल्याचे ध्यानात येत नाही. शहाबाद आणि कडप्पा ही दोन्ही स्थानके दौंडवरून जाणाऱ्या याच मार्गावर आहेत. तेव्हा ज्या 'जुन्या' ओट्याच्या जागी आज ग्रॅनाइट येते, तो ओटाही एके काळी आधुनिकच होता. त्याच्यासोबत बसण्याची जागा उभे राहण्याने घेतली. पुढे रॉकेलचा स्टोव्ह आणि गॅस आले, तेव्हा धूर गेला.

मॉड्युलर किचनची वंशावळही आगगाडीशी पोचते. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार स्त्रीने १९२६ मध्ये फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी आखलेल्या स्वयंपाकघरामागे रेल्वेच्या भोजनडब्यातील अरुंद मुदपाकखान्याचा आदर्श होता. बाईची पावले आणि वेळ वाचावा, हा हेतू. मात्र ही जागा एकाच व्यक्तीपुरती होती, त्यामुळे काम सोपे झाले तरी ते तिचेच राहिले, अशी टीका पुढे स्त्रीवाद्यांनी केली. वाड्यात नवे किचन बसवणाऱ्यांनी ही टीका विसरू नये.

नवे काही करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिल्यास ओल आत कोंडते, म्हणून तेथे चुन्याचा गिलावा द्यावा. जड ओट्याचा भार भिंतीवर न टाकता स्वतंत्र चौकटीवर घ्यावा. एखादा कोनाडा काजळीसह तसाच राखावा. जाते अंगणात कुंडीखाली न ठेवता, जिथे ते फिरत होते तिथेच असू द्यावे. हेमा रायरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, त्या अशाच जात्यांवरच्या. पिठाच्या गिरणीने बाईचे श्रम वाचवले आणि त्याबरोबर तिची ती पहाटेची जागाही गेली. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी वाड्यात गेल्यावर दिंडी दरवाजापाशी थांबू नये. परसाकडच्या त्या खोलीत जाते कुठे होते, पाणी कोण भरत असे आणि धूर कोठून जाई, हे विचारावे.